एका किटलीसाठी अख्ख्या जिल्ह्याची फाइल

"मावशी, पडद्यावर चाक नुसतं फिरायलंय," कॉम्प्युटरवर बसणारी शेवंता म्हणाली. बायकांची रांग दाराबाहेर उन्हात गेली होती.

गारगोटीजवळ आमची महिला दूध संस्था आहे. तिची सचिव मी, शिक्षण चौथी. बाईनं नंबर सांगितला की कॉम्प्युटरवर तिचं नाव येतं, दुधाचं फॅट नोंदलं जातं आणि पावती निघते. पावती हातात पडल्याशिवाय आमच्याकडे कुणी किटली कॅनमध्ये ओतत नाही. एकदा दूध मिसळलं की भांडायला काही उरत नाही.

मी दूध संघाच्या कोल्हापूरच्या ऑफिसात साहेबांना फोन लावला.

"ट्रॅफिक जास्त आहे, मावशी. थोडं थांबा."

मी बायकांना सांगितलं, "दुधाची गाडी ट्रॅफिकात अडकलीया. बसा."

बायका बसल्या. थोड्या वेळानं म्हादू गाडी घेऊन दारात.

"कुठं अडकलतास रं म्हादू?"

"अडकतोय कुठं? रस्ता मोकळा हाय की. कॅन कुठं हायत?"

कॅन रिकामे. तो निघून गेला तर सकाळचं सगळं दूध घरी परत. माझं डोकं चालेना. परत फोन.

"रस्त्यावरचं नाही हो, नेटवरचं ट्रॅफिक," साहेब म्हणाले. "तुम्ही एक नंबर दाबला की जिल्ह्यातल्या सगळ्या सभासदांची फाइल इथून तुमच्याकडे येते. मग तुमचा कॉम्प्युटर त्यात ती बाई शोधतो."

"एका बाईसाठी सगळा जिल्हा?"

"जुना प्रोग्राम तसाच आहे. आता नवा टाकतो. शोधायचं काम इथंच होईल, तुमच्याकडे तिची एक ओळ येईल. कॉम्प्युटर बंद करून चालू करा."

केला. पावत्या भराभर निघाल्या. मला निम्मंच कळलं. फाइल इथं येत होती तेव्हा काही दिसत नव्हतं, आता येत नाही तर लगेच दिसतं.

मी ते बायकांना सांगितलं, तर रांगेतली पारूबाई तिथंच अडली. "म्हंजे साऱ्या गावांचं फॅट हितं येत हुतं? आन् आमाला दावलं न्हाईस व्हय?"

"मलाच दिसत न्हवतं गं. सरक म्होरं."

म्हादू कुरकुरत थांबला आणि दूध घेऊन गेला. रांगेत शेवटी असलेल्या दोघींचं मात्र उन्हात नासलं. ट्रॅफिक रस्त्यावर होतं की तारेत, याच्याशी त्यांना काय करायचंय? 'बसा' मी म्हणाले होते. त्या अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

आता साहेब थांबा म्हणाले की मी आधी किटल्या सावलीत घ्यायला लावते. थांबायचं कारण मग विचारते.