हळूबाईंच्या गाडीचा तिसरा ठोका

आमच्या भागात गाडी चालवायला शिकलेल्या निम्म्या बायका हळूबाईंच्या हाताखालून गेल्या आहेत. त्यांत मीही आले. बाईंचं खरं नाव पाटीवर लिहिलेलं आहे, पण ते कुणी वाचत नाही. शेजारच्या सीटवर बसून त्या सारखं "हळू, हळू" म्हणतात, गाडी जागेवर उभी असली तरी म्हणतात, म्हणून त्या हळूबाई. गाडी शिकवण्याचा धंदा मूळचा त्यांच्या नवऱ्याचा. तो अचानक गेला तेव्हा ज्यानं त्यानं गाडी विकून टाकण्याचा सल्ला दिला. बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि थोड्याच दिवसांत टपावरची पाटी धुऊनपुसून स्वतःच शिकवायला लागल्या.

घरात त्या आणि त्यांची थोरली नणंद. बाई त्यांना वन्सं म्हणतात. वन्सं पुढच्या खोलीत मुलींना गाणं शिकवतात आणि खोलीची खिडकी नेमकी अंगणात, गाडीच्या तोंडावर उघडते. आतून सूर आणि बाहेरून घरघर, असं वर्षानुवर्षं चाललेलं. दोघींचं पटत नव्हतं असं नाही, पण पटतं असं दोघींपैकी कुणी कबूलही केलं नसतं.

झालं असं की गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुर करू लागली. मेकॅनिकनं बघितलं, प्लग आणि त्यांच्या वायरी बदलून टाका म्हणाला आणि नातू झाला म्हणून लेकीच्या गावी निघून गेला. इकडे बाईंची एक विद्यार्थिनी, इस्पितळातली नर्स, हिची दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा होती. आधीच्या खेपेला चढावर गाडी बंद पडून ती नापास झाली होती. तिला कुरकुरती गाडी द्यायची बाईंना हिंमत होईना. त्यांनी नवे प्लग आणि वायरी आणल्या, पदर खोचला आणि बॉनेट उघडलं. नवऱ्याला हे काम करताना त्यांनी कितीदा तरी पाहिलं होतं.

खरं तर एक वायर काढावी, तिच्या जागी नवी लावावी आणि मग पुढचीला हात घालावा. बाईंनी घाईत चारही काढल्या आणि ओळीनं उंबऱ्याजवळच्या पत्र्यावर मांडल्या. कोणती कुठली हे त्या ओळीवरूनच कळणार होतं. त्या प्लग घट्ट करत होत्या तेवढ्यात गाण्याच्या मुली आल्या. त्यांच्या पायात येऊ नयेत म्हणून वन्संनी वायरी उचलल्या आणि सगळ्यांचा एक गुंता करून कोपऱ्यात टाकल्या. बाईंनी डोक्याला हात लावला. वन्सं म्हणाल्या, दारात पसारा घातला तर तो उचललाच जाणार. शेवटी बाईंनी आठवेल तशा नव्या वायरी जोडल्या आणि चावी फिरवली.

गाडीनं एक गचका दिला आणि सायलेन्सरमधून असा बार काढला की आतल्या मुलींचा सूर मधेच तुटला. दुसरा बार झाला तसे शेजारी जमले. समोरच्या शिंप्यानं बॅटरी गेली असं सांगितलं. निवृत्त पोस्टमननी पेट्रोलमध्ये भेसळ असल्याचं ठामपणे जाहीर केलं. दोघांकडेही साधी सायकल होती.

बाईंनी इंजिन बंद केलं आणि पायरीवर बसून शांतपणे विचार केला. काल गाडी कुरकुरत का होईना, चालत होती. आज बिघडली ती आपला हात लागल्यावर. तेव्हा बॅटरी आणि पेट्रोल राहू दे बाजूला, जिथे हात लागला तेवढंच तपासायचं. ठिणगी चारही प्लगना एका ठरावीक क्रमानं जावी लागते, हे त्यांना ठाऊक होतं. तो क्रम इंजिनवरच कुठेतरी कोरलेला असतो, असं नवरा म्हणायचा. चिंधी आणि रॉकेल घेऊन त्यांनी तेलाची पुटं खरवडली, तेव्हा आकडे दिसले. मधल्या दोन वायरींची अदलाबदल झाली होती. त्या नीट लावल्यावर बार थांबले. शेजारी जरासे हिरमुसून घरी गेले.

पण गाडी अजून थरथरत होती. बाई परत प्लग तपासायला वाकल्या, तेवढ्यात वन्सं मुलींना रियाजाला बसवून बाहेर आल्या.

"लंगडतेय अजून," त्या म्हणाल्या. "चार ठोक्यांतला एक पडतच नाही."

"कोणता?"

"ते मला काय विचारतेस? तू एकेक बंद कर, मी ऐकते."

बाईंनी मान वर करून पाहिलं. इतक्या वर्षांत वन्सं त्या गाडीच्या इतक्या जवळ कधी आल्या नव्हत्या.

मग ते सुरू झालं. बाई इंजिन बंद करायच्या, एक वायर काढून बाजूला ठेवायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या. वन्सं डोळे मिटून ऐकायच्या. पहिली वायर काढली तेव्हा आणखी बिघडली म्हणाल्या. दुसरीलाही तेच. तिसरी काढली तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"काही फरक नाही. हाच आळशी."

तिसरा प्लग बाहेर काढला तर पेट्रोलनं ओलाचिंब. म्हणजे पेट्रोल येत होतं, पण ठिणगी पडत नव्हती. बाईंनी दुसऱ्या आणि तिसऱ्या प्लगची अदलाबदल करून पाहिली. दोष तिसऱ्याच जागी राहिला, म्हणजे प्लग बिचारा निर्दोष होता. राहिली वायर. पण वायर तर कोरी होती, कुठे तुटलेली दिसेना.

बाईंना आठवलं की वायरीवर पाण्याचा बारीक फवारा मारला की ठिणगी कुठून गळते ते दिसतं, मात्र त्याला अंधार हवा. बाहेर लख्ख ऊन. वन्संनी इस्त्रीची फवाऱ्याची बाटली आणली, आणि येताना घोंगडीही. इंजिन सुरू ठेवून दोघींनी ती डोक्यावरून घेतली आणि पदर पंख्यात जाणार नाहीत असे खोचून बॉनेटखाली वाकल्या. खिडकीतून मुलींना फक्त एक घोंगडी आणि तिच्याखाली चार पाय दिसत होते. रियाज केव्हाच थांबला होता.

"ते बघ, ते बघ," घोंगडीतून वन्संचा आवाज आला.

वायरीच्या पोटातून एक निळी रेघ टिकटिक करत शेजारच्या नळीवर उडी मारत होती. वायर तिच्या खोबणीत बसवायची राहून गेली होती. ती खाली लोंबली, तापलेल्या नळीला टेकली आणि तिथे रबर वितळलं. ठिणगी प्लगपर्यंत पोचण्याआधीच पळून जात होती.

कोपऱ्यातल्या गुंत्यातून त्याच मापाची जुनी वायर निघाली. तात्पुरती तीच लावली आणि या वेळी खोबणीत घट्ट बसवली. चावी फिरवली आणि इंजिन असं एकसारखं चालू लागलं की बाईंना एकदम हसूच फुटलं. त्यांनी वन्संकडे पाहिलं. वन्सं थोडा वेळ ऐकत राहिल्या.

"बरी आहे आता," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं ऐकायला मुली वर्षभर घसा कोरडा करत.

दुसऱ्या दिवशी नर्स चढावर थांबली आणि गाडीला एक गचकाही न देता वर निघाली. पास झाल्यावर तिनं बाईंना मिठी मारली. बाईंनी तिला घरी नेऊन वन्संसमोर उभं केलं आणि आभार इकडे मानायचे असं सांगितलं.  वन्सं चहा टाकायला आत गेल्या.

त्यानंतर एका सुट्टीच्या सकाळी वन्सं चपला घालून अंगणात आल्या आणि सरळ ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसल्या. इतकं ऐकलं, आता चालवूनही बघते, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी वाद घातला नाही. पहिल्याच दिवशी फाटकाचा खांब थोडा कलला. स्टिअरिंग आयत्या वेळी कुणी ओढलं यावर दोघी जेवण होईपर्यंत भांडत होत्या, आणि जेवण झाल्यावर पुन्हा गाडी घेऊन बाहेर पडल्या.