लेकीच्या लॅबच्या दाराबाहेर

डेट्रॉइटच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि घेतलेला श्वास नाकातच अडकला. मी अकोल्याची. उन्हाळ्याचे सगळे प्रकार मला पाठ आहेत. पण थंडी माणसाच्या नाकात शिरून अशी टोचते, हे तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवूनही मला ठाऊक नव्हतं. नकाशावर काठी ठेवून 'मिशिगन, पंच सरोवरांचा प्रदेश' असं मी कितीदा म्हटलं असेल! आता त्याच मिशिगनमध्ये मी शालीवर शाल गुंडाळून उभी होते आणि जावई समीर माझी बॅग ओढत होता.

२००५ सालचा जानेवारी. ह्यांना विमानाचं वावडं, म्हणून मी एकटीच निघाले. आधी दोन दिवस अमेरिकेतच पार्सिपनी नावाच्या गावी मावसभावाकडे विश्रांती घेतली. त्याची मुलगी माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तरं द्यायची आणि मी न कळताही 'हो हो' म्हणायची. पुढे सहा महिने माझं बरंचसं असंच होणार होतं.

मुग्धा, माझी धाकटी, ॲन आर्बरच्या विद्यापीठात पीएचडी करत होती. तिचा चौथा महिना सरत आला होता आणि उलट्यांनी ती हैराण झाली होती, म्हणून मी लवकर आले होते. गाडीत बसल्या बसल्या ती म्हणाली, "आई, एक लक्षात ठेव. लॅबमध्ये अजून कोणालाच सांगितलेलं नाही. तू बोलू नकोस."

"अगं, बातमी चांगलीच आहे ना?"

"चांगलीच आहे. म्हणूनच."

मी समीरकडे पाहिलं. त्याने गाडी सुरू केली.

ॲन आर्बर हे गाव विद्यार्थ्यांचं. बर्फात अर्ध्या बुडालेल्या सायकली, वेळेवर येणाऱ्या बसेस आणि कानटोपीतून नुसते डोळे दिसणारी पोरं. पहिल्याच दिवशी मी वरणाला फोडणी दिली आणि छतावरच्या धुराच्या भोंग्याने असा काही टाहो फोडला की मी कढई तशीच सोडून दाराबाहेर पळाले. समीरने खिडकी उघडून टॉवेल हलवला. मुग्धा मात्र फोडणीच्या वासाने केव्हाच बाथरूममध्ये गेली होती.

ती टीबीवर काम करते हे मला माहीत होतं. पण नेमकं काय करते, ते तिथे गेल्यावर कळलं. लॅबमध्ये एक बंद खोली होती. एकामागे एक दोन दारं, हवासुद्धा वेगळी. तोंडावर मोटर लावलेला मुखवटा चढवून मुग्धा आत जायची आणि तिथे टीबीचे जिवंत जंतू वाढवायची. आमच्या लहानपणी या रोगाचं नाव घेताना बायका आवाज खाली आणत. आणि ही माझी मुलगी, पोटात जीव असताना...

"आई, रस्त्यावरच्यापेक्षा मी त्या खोलीत जास्त सेफ आहे."

"मग सांगत का नाहीस त्यांना?"

"सांगितलं तर उद्यापासून आत जाऊ देणार नाहीत."

बरंच होईल की, असं माझ्या मनात आलं.

अमेरिकेत टीबी असतो, हेच मुळात मला नवीन होतं. हा आपल्याकडचा, गरीब देशांतला रोग, अशी माझी समजूत. मुग्धा म्हणाली, "इथेही गरिबांनाच होतो." डेट्रॉइटमधल्या रुग्णांचे जंतू तिच्याकडे यायचे आणि कोणाचा रोग कोणाकडून आला असावा, हे ती त्यावरून शोधायची. पण नमुने जवळजवळ सगळे पुरुषांचे. कारण तपासणीची गाडी उभी राहायची ती शेल्टरसमोर (शेल्टर म्हणजे बेघर माणसांना झोपायला जागा देणारी इमारत), आणि तिथे खाटेसाठी पुरुषांची रांग लागलेली असायची. घर गेलेल्या बायका त्या रांगेत नसत. त्या कुठे बहिणीच्या दिवाणखान्यात, कुठे मुलांना घेऊन गाडीत झोपत. त्यांचा आजार कळायचा तो पार अंथरुणाला खिळल्यावर.

"मग संशोधनाच्या पेपरात काय लिहितात?" मी विचारलं.

"लिहितात, की हा मुख्यतः पुरुषांचा आजार आहे."

मुग्धाला या बायकांना शोधून अभ्यासात आणायचं होतं. तिच्या प्रोफेसरबाई, कॅरोल, म्हणत होत्या की आधी हातात आहे ते संपवू. मी बाईंची बाजू घ्यावी की मुलीची, ते कळेना. एक मात्र नवल वाटलं. बायकांना बाहेर ठेवणारा कोणी पुरुष असेल, असं मी धरून चालले होते.

पुढच्या शनिवारी निशांत जेवायला आला. हा नागपूरचा मुलगा, मुग्धाच्याच लॅबमधला. "काकू, किती दिवसांनी झुणका!" म्हणत तो ताटावर बसला. मुग्धा नुसता दहीभात चिवडत होती. "तू का नाही घेत, यार?" त्याने तिला विचारलं आणि मी पटकन बोलून गेले, "तिला आता कशाचाच वास सहन होत नाही."

त्या 'आता'वर त्याचा घास थांबला. त्याने एकदा मुग्धाकडे पाहिलं, मग ताटाकडे. "झुणका मस्त झालाय काकू," एवढंच म्हणाला. तो गेल्यावर मुग्धा चिडेल असं मला वाटलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "सोमवारी मीच सांगते. किती दिवस लपवणार?"

सोमवारी ती केकचा तुकडा घेऊन घरी आली. कॅरोलबाईंनी तिला मिठी मारली होती, सगळ्यांना बोलावून केक कापला होता, आणि बंद खोलीचं दार उघडणारं कार्ड काढून घेतलं होतं. आतलं काम निशांतकडे. बायकांना शोधायला डेट्रॉइटच्या टीबी क्लिनिकमध्ये जाऊ का, असं मुग्धाने विचारलं तर तेही नको. तिथेही खोकणारे रुग्ण असतात. म्हणजे तो भाग सुटलाच.

"तू खूश असशील, आई."

मी होते. आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असावं, कारण तिने आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. त्या घरात आम्ही दोघीच होतो आणि मला पहिल्यांदाच परदेशात आल्यासारखं वाटलं.

निरोप घ्यायला ती त्या क्लिनिकमध्ये एकदाच, बाहेरच्या खोलीपुरती गेली तेव्हा मला बरोबर नेलं. वाटेत घरंच्या घरं रिकामी, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. इतक्या रुंद रस्त्यांच्या कडेला इतकी उजाड घरं कशी, हे मला उमगेना. क्लिनिकच्या बाहेरच्या खोलीत लॉरेटा नावाची एक काळी बाई बसली होती. माझ्याहून थोडी लहान, कानात मोठाल्या रिंगा. ती एका वृद्धाश्रमात फरशा पुसायची. आता ती बरी होत आली होती, पण नर्सच्या समोर गोळ्या घ्यायला तिला यावं लागे. मुग्धा मध्ये बसून दोन्हीकडचं बोलणं सांगत होती.

लॉरेटा म्हणाली, सबंध हिवाळा ती खोकत होती. डॉक्टर म्हणाले ॲलर्जी. एकदा शेल्टरसमोर तपासणीची गाडी दिसली म्हणून ती थांबली, तर आतल्या माणसाने सांगितलं, ही इथे राहणाऱ्यांसाठी आहे. आणि ती तर भावजयीच्या सोफ्यावर झोपत होती.

"मग पुन्हा कुठे विचारलं नाहीत?" मी म्हटलं.

"भीती वाटली. टीबी निघाला आणि सरकारने मुलं काढून नेली तर?"

मला आमच्याकडच्या सुना आठवल्या, ज्यांना खोकला झाला की माहेरी पाठवून देतात. मग लॉरेटाने मला विचारलं, "तुमच्या देशात बायकांना लवकर तपासतात का?"

देशाची अब्रू राखावी म्हणून 'हो' म्हणावंसं वाटलं. मी 'नाही' म्हटलं. ती हसली.

मार्च सरता सरता कॅरोलबाईंच्या घरी पॉटलक होतं (पॉटलक म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ न्यायचा आणि एकत्र जेवायचं). मी साबुदाण्याची खिचडी नेली. पोरं ती प्लास्टिकच्या काट्यांनी एकेक दाणा टोचून खात होती. बाई पासष्टीच्या असतील. केस पांढरे, पायात लोकरीचे मोजे. जेवणानंतर त्या भांडी धुवायला लागल्या, मी पुसायला उभी राहिले. दोन इंग्रजी वाक्यं मी घरून घोकून आणली होती. पहिलं म्हटलं, "तुम्हाला मुलं झाली तेव्हा तुम्ही काय केलंत?"

त्यांनी हातातली ताटली सिंकमध्ये ठेवली. मग मला समजावं म्हणून सावकाश, सोपे शब्द शोधत बोलल्या. "मला एक मुलगा आहे. त्याच्या आधीचं एक राहिलं नाही. तेव्हा मी अशाच एका खोलीत काम करत होते. कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. ते कशामुळे गेलं, डॉक्टरांना कळलं नाही. मलाही कळलं नाही. अजूनही."

नळ वाहत होता. माझं दुसरं वाक्य होतं, 'माझ्या मुलीचं काम तुम्ही का काढून घेतलंत?' ते मी गिळलं. त्यांच्या ओल्या हातावर हात ठेवला आणि पुन्हा भांडी पुसायला लागले.

"मुग्धाला सांगू का?" मी मग मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"तुम्ही तिच्या आई आहात," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. मला वाटलं होतं, ऐकून ती विरघळेल. पण ती म्हणाली, "मग तिने हे मला सांगायला हवं होतं. मला सगळं सांगून मला ठरवू द्यायचं. कदाचित मी तेच ठरवलं असतं, आई. पण मी ठरवलं असतं."

तिला घर चालवता येईल की नाही, मूल सांभाळता येईल की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला होता. ठरवायचं कोणी, हा प्रश्न माझ्या मनात आलाच नव्हता. तिच्या लग्नात नाही, माझ्या तर नाहीच नाही.

ती कॅरोलबाईंना भेटायला गेली आणि रडून लाल झालेल्या डोळ्यांनी परतली. "आत जाणार नाही, हे मी ठरवलं," ती म्हणाली. "आणि बायकांचा भाग सोडणार नाही, हेही. ज्यांचं औषध पूर्ण झालंय, ज्यांच्यापासून धोका नाही, त्यांना भेटायला कॅरोल हो म्हणाली."

मग आमचा डेट्रॉइटचा प्रवास सुरू झाला. बर्फ वितळला, झाडांना पानांच्या आधी फुलं आली. लॉरेटाने तिच्या ओळखीच्या दोघींना गाठून दिलं, त्यांनी आणखी कोणाला. कधी सँडविचच्या दुकानात भेट, कधी लाँड्रीत, मशीनमध्ये कपडे फिरत असताना. मी कोणाचं तरी लेकरू मांडीवर घेऊन बसायची. मुग्धाचं पोट पाहून बायका आधी बाळंतपणाचंच बोलायच्या. टीबीवर यायला अर्धा तास लागायचा. एकीला तपासणीपायी दिवसाची मजुरी बुडण्याची धास्ती, दुसरीच्या मुलांना सांभाळायला कोणी नाही. मुग्धा मन लावून ऐकायची. अशी ऐकताना मी तिला घरी कधी पाहिलं नव्हतं.

जूनमध्ये नात झाली. समीरने बाळाला पहिल्यांदा इतकं अवघडून घेतलं की नर्सने खुर्ची पुढे सरकवली. दुसऱ्या दिवशी कॅरोलबाई स्वतः विणलेली टोपी घेऊन आल्या. बाळाला घेऊन त्या खिडकीशी उभ्या राहिल्या, आमच्याकडे पाठ करून, बराच वेळ.

निघायच्या आधी निशांत भेटायला आला. पेपर तयार होत होता. आतलं उरलेलं काम त्याने केलं होतं म्हणून लेखकांत मानाचं पहिलं नाव त्याचं, मुग्धाचं दुसरं, आणि बायकांविषयी शेवटी एक परिच्छेद. तो अवघडून बसला होता. "काकू, सुरुवात तिची आहे. मी पहिलं नाव नको म्हणू का? पण मलाही पुढे नोकरी शोधायचीये. तुम्हाला काय वाटतं?"

मुलगा प्रामाणिक होता. मी त्याला चहा दिला.

जुलैत मी अकोल्याला परतले. शाळेतल्या मैत्रिणी जमल्या. सरोवरं पाहिलीस का, बर्फ कसा असतो, सगळं विचारून झाल्यावर एकीने विचारलं, "तिकडे बायकांचं बरं असेल ना गं?" मी 'हो' म्हणायला लागले, मग 'तसं नाही' म्हणाले, मग मला कॅरोलबाईंचे मोजे आठवले आणि मी म्हटलं, "एका शब्दात नाही सांगता येत." त्यांना वाटलं, मी भाव खातेय.

खरं सांगायचं तर आजही मला नीट उलगडलेलं नाही. माझ्या मुलीचं काम एका चांगल्या बाईने, मायेने काढून घेतलं. ते एका चांगल्या मुलाकडे गेलं. रागावू कोणावर? आणि तरीही लॉरेटा त्या गाडीसमोरून परत फिरली आणि सबंध हिवाळा खोकत राहिली, हे खरंच होतं.

दिवाळीच्या सुमारास मुग्धाचा फोन आला. नात पालथी पडायला लागली होती. ती समीरकडे होती, कारण मुग्धा दिवसभर डेट्रॉइटला होती. तपासणीची गाडी त्या दिवशी पहिल्यांदाच लाँड्रीसमोर उभी केली होती.

"कोणी आलं?" मी विचारलं.

"आधी कोणीच नाही. मग एक जण आली आणि दारातच थांबली. म्हणाली, ही बायकांसाठी पण आहे का? त्यानंतर येतच राहिल्या, आई."

"आणि कॅरोलबाई काय म्हणाल्या?"

"कॅरोल? अगं, ती गाडीतच होती. दिवसभर थुंकीच्या नमुन्यांच्या बाटल्यांवर नावं चिकटवत होती. मी सांगेन तशी."

मी फोन ठेवला. "काय म्हणते लेक?" ह्यांनी विचारलं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि लॉरेटाच्या खोकल्यापासून सांगायला सुरुवात केली.