सीझन संपल्यावर

समजा, हे काम तुम्हाला दिलंय. पडद्यावर अमेरिकन फुटबॉलचा सामना आहे. चेंडू हलायच्या अगदी आधी तुम्ही व्हिडिओ थांबवायचा. बावीस माणसं एकमेकांवर डोळे रोखून वाकलेली आहेत. चेंडूच्या मागे किती, बाजूला किती, कोणाचा कोणता पाय पुढे, हे बघून बटणं दाबायची. मग व्हिडिओ सोडायचा. पाच-सहा सेकंदांत सगळे एकमेकांवर कोसळतात. पुन्हा थांबवायचा. चेंडू कोणाकडे गेला, किती यार्ड, कोणी पाडलं. अशा दीडशे चाली. मधली एक सुटली की पुढचं सगळं एका घराने सरकतं, आणि अमेरिकेतला कोच सकाळी उठून विचारतो, हे कोणी केलं?

आयर्लंडमधल्या आमच्या कॉर्कच्या ऑफिसात या प्रश्नाला स्वानंदी देऊळकर हे उत्तर कधीच आलेलं नाही.

स्वानंदीताई नागपूरची. वय पस्तीस. डेटा अॅनालिटिक्समध्ये मास्टर्स करायला कॉर्कला आली आणि राहिली. सामने नोंदवायची ही शिस्त मात्र तिने इथे शिकलेली नाही. तिचे वडील, मुरलीधर सर, शाळेत पीटी शिकवायचे. ते खो-खोचे सामने भरवायचे आणि आठ वर्षांची ही मुलगी टेबलाशी बसून गुणपत्रक लिहायची. कोण किती सेकंद टिकली, पळताना बाद झाली की खांबावर सूर मारून पकडली गेली, सगळं. खाडाखोड केली की सर कोरा कागद द्यायचे आणि म्हणायचे, पहिल्यापासून लिही.

ऑफिसात प्रत्येकाला टीम वाटून दिलेल्या असतात. सगळ्यांना लाखभर प्रेक्षकांची मोठी कॉलेजं हवी असतात. ताईने आयव्ही लीगची आठ विद्यापीठं मागून घेतली. अभ्यासाचं नाव मोठं, फुटबॉल बेताचं. ऑफिसात त्यांना 'पुस्तकी' म्हणतात. पुस्तकींची एक गंमत होती. त्यांचा सीझन नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या शनिवारी संपायचा म्हणजे संपायचाच. बाकीची कॉलेजं त्यानंतर राष्ट्रीय बाद फेरीत जायची. या आठांनी स्वतःच्याच नियमाने साठ-सत्तर वर्षं तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. त्यामुळे ताई दर डिसेंबरला मोकळी, आणि पहिल्या आठवड्यात नागपुरात. निवृत्तीनंतरही सर शाळेच्या मैदानावर मुलींची स्पर्धा भरवत होते. गुणपत्रक ताईच लिहायची.

तरी त्या नियमावर सर्वांत जास्त चिडायची तीच. आमचा टीम लीड पॉरिक एकदा चहा करताना सहज म्हणाला, "डिसेंबरात त्यांच्या परीक्षा असतात ना."

"मग बास्केटबॉलवाल्यांना परीक्षा नसतात? त्यांना बरं पाठवतात." तिने कपाटाचं दार असं आपटलं की आतले मग वाजले. "त्या पोरांना विचारलं का कोणी?"

"तुझा भाऊ खेळतो का त्यांच्यात?" पॉरिक हसत म्हणाला.

नंतर कधीतरी तिने मला, शेजारच्या टेबलावरच्या ज्युनियरला, सांगितलं. दहावीत असताना खो-खोच्या राज्य स्पर्धेच्या संघात तिची निवड जवळजवळ ठरलेली होती. तारखा प्रिलिमच्या आठवड्यात आल्या. संघाची यादी पाठवायचं काम तिच्या वडिलांचंच. त्यांनी तिचं नाव कापून तन्वी नावाच्या मुलीचं घातलं. घरी फक्त एवढंच म्हणाले, "अभ्यास कर." वीस वर्षांत त्या विषयावर एक शब्द नाही.

गेल्या वर्षी बातमी आली, पुस्तकींनी नियम बदलला, पुढच्या सीझनपासून त्यांचा विजेता बाद फेरीत खेळणार. ताईने ऑफिसात बर्फी वाटली. पॉरिकने दोन खाल्ल्या.

यंदा ऑगस्टमध्ये वडिलांचा फोन आला. शाळा मैदानावर इमारत बांधणार होती. डिसेंबरची स्पर्धा शेवटची, आणि ती संपली की दुसऱ्या दिवशी जेसीबी. ताई मला म्हणाली, "या वेळी विचारणार. अंतिम सामना झाला, सगळे गेले, की तिथेच खांबाजवळ बसून विचारणार. घरात नाही विचारता येत रे. घरात ते पेपर उघडतात."

आणि रजेच्या अर्जात तिने सहा वर्षांच्या सवयीने तेच वाक्य लिहिलं, 'माझ्या टीमचा सीझन संपल्यावर.' पूर्वी त्या वाक्याचा अर्थ एक ठरलेली तारीख असायचा. आता तो तसा राहिला नव्हता, हे तिला कळत नव्हतं असं नाही. तिने हिशेब केला होता. पुस्तकींच्या विजेत्याने पहिली फेरी जिंकण्याची शक्यता तिच्या मॉडेलप्रमाणे सहात एक होती. पहिली फेरी शनिवारी, तिचं विमान सोमवारी.

त्या शनिवारी संध्याकाळी पाचला सामना सुरू झाला. मध्यंतराला पुस्तकी भरपूर मागे होते आणि ताई शेंगदाण्याचा लाडू खात होती. मग ते एकेक यार्ड पुढे यायला लागले. ती बटणं दाबत होती आणि मराठीत पुटपुटत होती, "अरे, हरा ना एकदाचे. सत्तर वर्षं घरी बसलात, अजून एक वर्ष बसा."

ते एका गुणाने जिंकले. शेवटची चाल तिने तीनदा तपासली. नोंद बरोबर होती.

पॉरिक धावतच आला. "कोचने नाव घेऊन तुझीच मागणी केलीय! पुढच्या शनिवारी तूच."

"पॉरिक, सोमवारी माझं विमान आहे."

"अर्जात काय लिहिलंयस बघ. मी वरच्यांना काय सांगू? एका आठवड्याचा तर प्रश्न आहे. पुढच्या आठवड्यात जा, इट्ल बी ग्रँड, काही बिघडत नाही."

"पुढच्या आठवड्यात तिथे खड्डा असेल. मी नागपुरातून करते. लॅपटॉप घेऊन जाते."

"सामन्याची फिल्म ऑफिसबाहेर नेता येत नाही. करारच आहे तसा."

"मी करतो ना, ताई," मी म्हणालो.

तिने मान वर केली. "गेल्या आठवड्यात सतराव्या चालीपासून सगळं सरकवलंस तू. ते निस्तरायला मला दोन तास लागले."

ती तिकीट बदलायला बसली. एअरलाइनच्या पानावर 'प्रवासाचं कारण' असा रकाना होता. तो तिने रिकामाच ठेवला.

पुढच्या शनिवारी पुस्तकी सपाटून हरले. पहिल्या पंधरा मिनिटांतच सामना संपल्यात जमा होता. तरी दीडशे चाली होत्याच. रविवारी दुपारी ती शेवटची तपासणी करत होती, तेव्हा सरांचा व्हिडिओ कॉल आला. तिने फोन चहाच्या मगाला टेकवून ठेवला. मागे मैदान होतं, उन्हं उतरलेली.

"काऊन आली नाही वं तू," सर म्हणाले. "नव्या बाईंनी लिहिलं गुणपत्रक. नुसती खाडाखोड. तुमच्या पोट्ट्यांचं काय झालं?"

"हरले, बाबा."

"अन् परीक्षा नाहीत का त्यांच्या?"

"आहेत ना. दोघातिघांनी हॉटेलात बसून पेपर दिले म्हणे. प्राध्यापकांनी परवानगी दिली."

सर मैदानाकडे वळले. "हॉटेलात. म्हणजे जमते तर."

"जमतं." ताईचा हात माऊसवरून निघाला. "बाबा, मग त्या वर्षी माझं..."

"थांब, मंडपवाला आला," असं म्हणून सरांनी फोन तसाच खिशात टाकला. पडदा काळा झाला. कॉल मात्र चालूच राहिला. माणसांचे आवाज येत होते, कोणीतरी "हळू, हळू" म्हणत होतं. मग लाकडावर दणके, आणि काहीतरी जड जमिनीवर आडवं पडल्याचा आवाज.

"खांब काढला," ताई म्हणाली.

ती तशीच ऐकत बसली. अकरा मिनिटांनी कॉल तुटला. तिने परत लावला, सरांनी उचलला नाही.

"तन्वीसुद्धा दहावीतच होती," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तिची प्रिलिम शाळेने नंतर घेतली. हेडमास्तरांना जाऊन विनंती कोणी केली होती, माहितीये? बाबांनीच. म्हणजे जमतं हे त्यांना तेव्हाही माहीत होतं." तिने व्हिडिओ पुढच्या चालीवर आणून थांबवला. बावीस माणसं वाकलेली. "मग माझंच नाव का कापलं?"