सापगाव स्टाइल

आमच्या इंद्रजीतदादाला सापगावात पोरंटोरं ‘कोच’ म्हणतात, म्हणजे तोच म्हणायला लावतो. माझा चुलतभाऊ. शहापूरजवळच्या एका गोदामात सुपरवायझर आहे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पूर्वी भाताच्या गोणी असायच्या, आता भलामोठा आरसा, स्पीकर आणि कडीवाले लोखंडी गोळे आहेत. त्यांना केटलबेल म्हणायचं. कुठे शिकलास विचारलं की म्हणतो, “मोबाइलवर सगळा असतो.” असेल. अक्कल तेवढी नसते.

त्याचं लाडकं प्रवचन स्विंगवर. रशियन स्विंगमध्ये कंबर मागे ढकलायची, पाठ सरळ ठेवायची आणि कमरेच्या झटक्याने गोळा छातीपर्यंत आणायचा. अमेरिकनमध्ये तोच थेट डोक्यावर न्यायचा. सोमवारी रशियन म्हणजे शास्त्र असे, गुरुवारी तीच म्हाताऱ्यांची कसरत. आदल्या रात्री कोणता व्हिडिओ पाहिला त्यावर सगळं. स्वतः करताना तो उठाबशा काढल्यासारखा गुडघ्यांतच बसायचा, ती पद्धत कोणत्या देशाची ते त्यालाच ठाऊक.

माझी धाकटी बहीण संघरत्ना पोलीस भरतीची तयारी करत होती. वयात बसणारी तिची ही शेवटचीच भरती. धावण्यात पक्की, पण गोळाफेकीत कमी पडायची, म्हणून अंगात जोर यावा यासाठी दादाकडे जाऊ लागली. मी सोबत जायची.

पहिल्याच दिवशी तिने केटलबेल उचलली आणि आमच्याकडची कुठलीही पोर करील तेच केलं. लहानपणापासून खळ्यावर भात झोडलेला. पेंढी डोक्यावर न्यायची, वाकून खालच्या फळीवर हाणायची. हात आपसूक तसेच चालले. दादाने तिथेच थांबवायला हवं होतं. त्याने मोबाइल काढला.

“वा गो संघे! रशिया नाय, अमेरिका नाय, ही आपली सापगाव स्टाइल! अजून वर ने, अजून वर!”

अरे शहाण्या, पेंढीचा जोर फळीवर जिरतो. लोखंड हवेत हाणलं तर तो कुठे जिरणार? खांद्यातच ना! तिला कळा येतात असं मी सांगितलं, तर म्हणे, “वंदे, तुला काय कळतंय? मसल खुलतोय तिचा.”

मसल चांगलाच खुलला. भरतीच्या आठवड्यात तिला वेणी घालायलाही हात वर नेता येईना. तरी हट्टाने मैदानात उतरली. गोळा तिच्या पावलांपुढेच पडला.

दादा आमच्या घराकडे फिरकला नाही. त्याचा व्हिडिओ मात्र आला, ‘स्विंगमधली ही चूक टाळा’. चूक म्हणजे आमची संघी, वाकून झोडणारी. त्याचं “अजून वर” त्या निर्लज्जाने पुसून वर गाणं चढवलं होतं. गावाने तो डोळे भरून पाहिला.

संध्याकाळी शेजारच्या जानकीबाई काकू मोबाइल घेऊनच आल्या. संघरत्ना उजवा हात झोळीत अडकवून डाव्या हाताने पीठ मळत होती.

“बाय गो, घरचा कोच असून असा कसा केलास? तो एवढा समजावतोय नि तू आपली झोडत बसलीस. पुढल्या भरतीला तरी त्याचा ऐक.”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात संघरत्नाने माझ्याकडे बघून ‘नको’ अशी मान हलवली.

“हो काकू,” ती म्हणाली, “ऐकीन.”