सोजराबाईचं दाभण

कुरुंद्यात हळदीची पोती शिवायचं दाभण घरोघरी सापडेल, पण ते कमरेला खोचून हिंडणारी बाई एकच, सोजराबाई. तिचं वैर पोत्यांशी नव्हतं, डब्यांशी होतं.

गावातल्या आरोग्यसेविकेनं, सपनानं, एकदा बायांना बसवून सांगितलं होतं: फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कितीही घासा, विष मुरलेलंच राहतं. त्याला भोकं पाडा, म्हणजे कुणी त्यात पाणी भरणार नाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या, चहा घेतला आणि विसरून गेल्या. सोजराबाईच्या मात्र ते डोक्यात बसलं. बांधावर डबा दिसला की खुपसलंच दाभण.

पण दिव्याखाली अंधार! तिचाच नवरा मुंजाजी तणनाशकाच्या पांढऱ्या डब्यातून शेतात पाणी न्यायचा.

"राखेनं घासलाय. मेलो का मी अजून?"

"मेल्यावर कोण सांगाया येतंय?" सोजराबाई म्हणायची. तोंडानं फटकळ, पण आतून तिला खरीच धास्ती होती. हा माणूस घोटाघोटानं हातचा जाणार, असं तिला वाटायचं. मुंजाजी डबा रोज नव्या जागी लपवायचा, ती रोज शोधायची. म्हाताऱ्यांचा हा लपंडाव बघायला शेजारी चहाचे कप घेऊन ओट्यावर बसत.

एक दिवस ती शेतातून आली, तो गोठ्यात पांढरा डबा! तिनं पदर खोचला आणि दाभण मुठीपर्यंत घातलं. पाण्याऐवजी तेलाची धार लागली. वसमतहून लेक शीतल आणि जावई रत्नपाल आले होते, त्यांनी करडईचं तेल आणून सावलीला ठेवलं होतं. लुगडं तेलानं भिजलं, कोंबडा घसरून तोंडावर पडला, मुंजाजी हसून हसून खालीच बसला.

"जावईबापू, बघा! सासूनं तेलाचा मुडदा पाडला!"

सोजराबाई शरमून अर्धी झाली. तरी खोड जाते कुठं? "डबा कुठला हो, जावईबापू?"

"शेजाऱ्यानं दिला, मामी. रिकामाच पडून व्हता. चांगला धुतला."

तिनं डबा फिरवला. मागं अर्धवट फाटकं लेबल, त्यावर विषाचा लाल त्रिकोण. मुंजाजी हसायचा थांबला. शीतलनं त्याच तेलात भजी तळली होती आणि त्यानं जावयाच्या ताटातलीही उचलली होती.

घरच्यांची वरात सरकारी दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी सगळ्यांना तपासलं आणि सांगितलं, "आत्ता तरी काही दिसत नाही. पाणी भरपूर प्या."

"कशातून पिऊ, साहेब?" मुंजाजीनं गंभीरपणे विचारलं.

घरी येताच तो म्हातारपणी लिंबावर चढला, फांदीला बांधलेला आपला लाडका डबा काढला आणि बायकोपुढं धरला. "घे. खुपस."

तिनं जवळा बाजार गावाहून त्याला पाण्यासाठी नवं मडकं आणलं. पहिल्याच आठवड्यात ते बांधावर आपटून फुटलं. मुंजाजी खाली मान घालून घरी आला. आता काही खरं नाही, असं त्याला वाटत होतं.

"फुटू द्या," सोजराबाई म्हणाली. "मडकं बाजारात भेटतं. नवरा न्हाई भेटत."

मुंजाजीचे डोळे भरून आले. ती दाभण पुसत पुढं म्हणाली, "भेटला असता तर कवाच बदलून आणला असता."