बटणवाल्याचं मागचं दार

प्राध्यापक श्रीराम वैरागडे यांनी नागपूरच्या कॉलेजात छत्तीस वर्षं अमेरिका शिकवली आणि ती पाहिली मात्र एकाहत्तराव्या वर्षी. मधल्या काळात त्यांचं काही अडलं नाही. दोन महायुद्धांच्या मधली अमेरिकन कादंबरी हा त्यांचा पेपर. त्यातले बंगले, मेजवान्या, चोरून प्यायलेली दारू, अचानक आलेला पैसा आणि त्याहून अचानक गेलेला पैसा हे सगळं सर असं रंगवून सांगत की पहिल्या बाकावरच्या पोरांना वाटे, हे आत्ताच तिकडे जेवून आलेत. प्रत्यक्षात सर झुणका-भाकर खाऊन सायकलवरून आलेले असत.

त्यांची सगळ्यात लाडकी कादंबरी होती एका बटणवाल्याची. १९३० सालची, आता कुणाला फारशी आठवतही नाही. नदीकाठच्या गावात शिंपल्यांची बटणं करणारा एक गरीब माणूस कारखानदार होतो, बावीस खोल्यांचा बंगला बांधतो, शंभर-शंभर पानं उठवतो आणि शेअर बाजार कोसळला की कफल्लक होतो. पोरांनी तिचं नाव ‘बटणपुराण’ ठेवलं होतं आणि सरांना ते ठाऊक होतं. या पुराणातला एक प्रसंग सरांच्या अगदी जिव्हाळ्याचा. बटणवाला स्वतःच्याच बंगल्यात कायम मागच्या, स्वयंपाकघराच्या दारानं शिरतो. का? हा प्रश्न वर्षाआड परीक्षेला यायचा, पंधरा मार्कांना. उत्तरही ठरलेलं. पैसा खिशात येतो, पण मनातली पायरी जात नाही. समोरचं दार आपल्यासाठी नाही हे ज्याच्या हाडीमांसी मुरलं, तो बंगल्याचा मालक झाला तरी मागूनच येणार. हे सांगताना सरांचा आवाज जरा बसायचा. पोरं म्हणायची, सर ॲक्टिंग भारी करतात.

मागच्या बाकावरच्या एका पोरानं एकदा पेपरात सरळ लिहिलं होतं, ‘ते दार त्याला जवळ पडत असेल.’ सरांनी त्याला पंधरापैकी दोन मार्क दिले होते, तेही अक्षर चांगलं म्हणून.

पत्नी गेल्यावर सर नागपुरात एकटे पडले, तेव्हा मुलगा केदार त्यांना नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला घेऊन आला. केदार तिथे आयटीत, सूनबाई हिमानी औषधांच्या कंपनीत आणि नात सिया सातवीत. विमानतळावरून घर येईपर्यंत सर खिडकीला नाक लावून बसले होते. घर दिसलं आणि त्यांना धन्य वाटलं. दोन पांढरे खांब, मधे उंच दार, दाराला पितळी मूठ, बाजूला काचा. अगदी पुस्तकातलं दार! तेवढ्यात केदारनं गाडीतलं एक बटण दाबलं, गॅरेजचं दार घरघरत वर गेलं, आणि अमेरिकेतल्या पहिल्यावहिल्या घरात सरांनी प्रवेश केला तो कचऱ्याचे डबे, वॉशिंग मशीन आणि वाळत घातलेले मोजे यांच्या मधून.

“काहून रे, समोरचं दार मोडलं का?” सरांनी विचारलं.

“नाही हो बाबा. ते कोण यूज करतं? पार्सलवाला बेल वाजवून जातो, तेवढंच.”

आतून बघितलं तर समोरच्या दाराला घडी घातलेली ट्रेडमिल टेकवलेली, तिच्यापुढे चपलांचं रॅक आणि वर सियाची बॅडमिंटनची बॅग. सरांना वाटलं, आपलीच मंडळी आळशी. पण पुढच्या आठवड्यात केदारच्या मित्राकडे, डॉक्टर अरुणकडे जेवायला गेले. सहा बेडरूमचं घर, आत पियानो, आणि प्रवेश? गॅरेजमधून, पाणी मऊ करायच्या मशीनसाठी ठेवलेल्या मिठाच्या पोत्याला वळसा घालून. समोरचे अमेरिकन शेजारी तसेच, पलीकडचेही तसेच. सर रोज संध्याकाळी फिरायला जाऊ लागले ते दारं बघायलाच. चौदा दिवसांत समोरच्या दारातून आत जाताना त्यांनी एकच जीव पाहिला आणि ते मांजर होतं.

आता तुम्ही-आम्ही म्हणू, त्यात काय एवढं! पण सरांची झोपच उडाली. ज्या देशात लहान-थोर सगळेच वॉशिंग मशीनच्या बाजूनं घरात शिरतात, तिथे बटणवाला मागून शिरला तर त्यात कसली आली पायरी? छत्तीस वर्षं, छत्तीस बॅचेस. एवढ्या पोरांना आपण छातीठोकपणे एक खोटी गोष्ट शिकवली, तीही न पाहिलेल्या देशाबद्दल. त्यांना मनापासून लाज वाटली. जेवताना ते गप्प बसू लागले आणि हिमानीला वाटलं, भाजी आवडत नाही.

त्यातच सिया त्यांना एकदा लायब्ररीत घेऊन गेली. तिथे महिन्यातून एकदा वाचकांचा गट जमायचा आणि त्या वर्षी ते जुनी, विसरलेली पुस्तकं वाचत होते. टेबलावर चळत होती बटणपुराणाची. सरांचा हात आपोआप पुस्तकावर गेला आणि सियाच्या तोंडात तीळ भिजला नाही. ती ग्रंथपालबाईंना म्हणाली, “माय ग्रँडपा टॉट दॅट बुक फॉर थर्टी-सिक्स यर्स!” बाई खुर्चीतून उठल्याच. नागपूरला हे शिकवतात? मग येत्या शनिवारी वीस मिनिटं बोलाच, म्हणाल्या. सियानं आजोबांच्या वतीनं होकारही देऊन टाकला.

घरी आल्यावर सर म्हणाले, “मी नाही जाणार.”

“ओके बाबा, कॅन्सल करतो ना मी,” केदार म्हणाला. “एक ईमेल टाकला की झालं. टेन्शन नका घेऊ.”

“पण का?” हिमानीनं विचारलं. “इतकी वर्षं जे सांगितलंत तेच सांगा ना. तिथे कोण चेक करणार आहे?”

“मीच,” सर म्हणाले.

दोन दिवस ते येरझारा घालत राहिले. मग शुक्रवारी सकाळी त्यांनी शर्टाला इस्त्री केली आणि जाहीर केलं, की चूक वर्गात केली, आता कबूलही वर्गातच करतो.

शनिवारी दुपारी अकरा माणसं जमली होती. बहुतेक निवृत्त, टेबलावर लिंबाचं सरबत आणि कुकीज. केदार फोनवर रेकॉर्ड करायला मागे उभा राहिला. सर उठले. इंग्रजी त्यांचं नागपुरी वळणाचं, पण खणखणीत. बटणवाल्याची गोष्ट त्यांनी सांगितली, पंधरा मार्कांचा प्रश्न सांगितला, त्याचं उत्तर सांगितलं. आणि मग केदारचं गॅरेज, मोजे, पियानो आणि मांजर हेही सांगितलं. “तात्पर्य,” सर म्हणाले, “मी चुकीचं शिकवलं. मी तुमचं घर पाहिलंच नव्हतं.”

लोक पोट धरून हसले. प्रत्येकानं हात वर करून कबूल केलं, की आम्हीही गॅरेजमधूनच जातो. गोल्फची टोपी घातलेले एक निवृत्त बँकवाले डोळे पुसत म्हणाले, “मग प्रोफेसर, त्या बिचाऱ्याला ते दार जवळ पडत असेल!”

सरही हसले. पण डोळ्यांसमोर मागच्या बाकावरच्या पोराचं ते चांगलं अक्षर उभं राहिलं. त्याला शोधून तेरा मार्क परत द्यावे लागणार होते. छत्तीस वर्षांचं काम असं सरबताबरोबर संपलं, आणि सरांना खुर्चीत बसावंसं वाटलं.

तेवढ्यात खिडकीशी बसलेल्या एका काळ्या वृद्ध बाईंनी हातातलं विणकाम खाली ठेवलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या. त्यांना तिथे सगळे मिस लुएला म्हणत, आपल्याकडे वडीलधाऱ्या बाईला मावशी म्हणतात तसं.

“प्रोफेसर, हे पुस्तक कोणत्या सालचं?”

“एकोणीसशे तीस.”

“तेव्हा बटण दाबून वर जाणारी गॅरेजची दारं होती का?”

“नव्हती.”

“मग हे सगळे कशाला हसताहेत?” मिस लुएला म्हणाल्या आणि हसणं थांबलं. “माझी आजी इथून तासाभरावरच्या गावात एका गिरणीमालकाकडे कामाला होती. एकतीस वर्षं. त्या घराचं समोरचं दार चकचकीत ठेवणं हे तिचंच काम. दाराला पितळेची मूठ होती. शुक्रवारी ती बाहेरून मूठ पुसायची. मग दार बंदच ठेवून घराला पूर्ण वळसा घालायचा, मागच्या दारानं आत यायचं, स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात जायचं आणि आतून मूठ पुसायची. मधे फक्त एक उंबरठा. एकतीस वर्षं तिनं तो ओलांडला नाही. दार जवळ पडत होतं, मिस्टर, समोरचंच.”

बँकवाल्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

सर उभेच होते. त्यांना भाषण आठवत नव्हतं, आठवत होती आई. आणि जे छत्तीस वर्षांत एकाही वर्गात सांगितलं नव्हतं, घरात मुलालाही सांगितलं नव्हतं, ते त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं. वडील लवकर गेले. आई धंतोलीत एका वकीलसाहेबांकडे भांडी घासायची, पितळेची, चिंचेनं, त्यामुळे तिच्या बोटांना कायम चिंचेचा वास यायचा. वकीलसाहेब सज्जन. वैरागडेबाईंचा मुलगा कॉलेजात आहे म्हटल्यावर त्यांनी आपली इंग्रजी पुस्तकं वाचायला दिली. पण ती घ्यायला श्रीरामनं यायचं मागच्या दाराशी, आणि पुस्तक हातात पडायचं ते मोरीजवळ. बटणवाल्याची कादंबरीही तिथेच मिळाली. “तो मागच्या दारानं का शिरला, हे मला कुठल्या समीक्षकानं सांगितलेलं नाही,” सर म्हणाले. “पुस्तक उघडायच्या आधीच मला माहीत होतं.”

मिस लुएला मान डोलावत म्हणाल्या, “मग तुम्ही आमचं घर पाहिलं होतं, प्रोफेसर.”

मागे केदारचा फोन कधीच खाली आला होता. आजीच्या हाताला चिंचेचा वास यायचा, एवढंच त्याला आठवत होतं. त्याला वाटायचं, आजीला पन्हं नाहीतर चिंचेचं सार आवडत असेल. गाडीत बसल्यावर तो हातातली किल्ली फिरवत म्हणाला, “बाबा, मला कधी सांगितलं नाही तुम्ही.” सर म्हणाले, “तू कधी पेपर दिला नाहीस ना माझा.” दोघंही हसले आणि दोघांनीही डोळे पुसले.

सरांनी निघताना एक उद्योग मात्र करून ठेवला होता. मिस लुएलांना रविवारी चहाला बोलावलं होतं.

झालं, घरात लगीनघाई. ट्रेडमिल हलवायला केदार आणि डॉक्टर अरुण असे दोन पुरुष लागले आणि दोघांची कंबर धरली. चपलांचं रॅक वर गेलं. दाराची किल्ली सापडेना, ती शेवटी दिवाळीच्या पणत्यांच्या डब्यात निघाली. दार इतकं फुगलेलं, की हिमानीनं आतून ओढलं आणि सियानं बाहेरून लाथ घातली तेव्हा कुठे ते हललं. सर बाकी कशाला हात लावत नव्हते. त्यांनी हिमानीकडून चिंच मागून घेतली, ती कोमट पाण्यात भिजवली आणि बाह्या सरसावून दाराशी स्टूल टाकून बसले.

“बाबा, अहो, ब्रासचं लिक्विड मिळतं स्टोअरमध्ये,” हिमानी म्हणाली.

“मिळू दे,” सर म्हणाले आणि घासत राहिले.

चार वाजता केदार मिस लुएलांना घेऊन आला. आणि सवयीचा गुलाम तो, गाडी वळवतानाच त्याचं बोट बटणावर गेलं. गॅरेजचं दार घरघरत वर जाऊ लागलं. सर नव्या झब्ब्यात दोन्ही हात पसरून गाडीसमोर धावले. “बंद कर! बंद कर ते आधी!” केदारनं जीभ चावली आणि दार अर्ध्यातून पुन्हा खाली आलं. मिस लुएला गाडीत खदखदून हसत होत्या.

मग त्या काठी टेकत, सियाचा हात धरून, दोन पांढऱ्या खांबांमधून वर आल्या. निळा पोशाख, निळी टोपी, चर्चला जातात तशा. दार सताड उघडं होतं. त्या उंबरठ्याशी थांबल्या आणि पितळी मूठ निरखून बघू लागल्या. जाणकार नजर होती ती, लहानपणी आजीच्या हाताखाली तयार झालेली. बाहेरून बघितली, वाकून आतून बघितली.

“ही कोणी पुसली?”

“मी,” सर म्हणाले.

“दोन्हीकडून?”

“दोन्हीकडून.”

“आणि वळसा?”

“घातला नाही,” सर म्हणाले. “दार उघडं ठेवूनच पुसली.”

मिस लुएलांनी त्या मुठीवर क्षणभर हात ठेवला, आणि मग उंबरठा ओलांडून त्या आत आल्या.