म्हादूभाऊची किंगरी आणि माझा हुंकार

मी आज बी. ए. आहे तो म्हादू परधानामुळे. दिवाळीच्या तोंडावर गोंडपिपरीकडचा एक माणूस नागपूरला आमच्या वसतिगृहात आला आणि दारातच म्हणाला, "म्हादूभाऊ गेला. तापानं." तिशीसुद्धा गाठली नव्हती त्याने.

म्हादूभाऊ आमच्या घराण्याचा परधान. परधान म्हणजे आम्हा गोंडांच्या देवांची, कुळांची कथा किंगरीवर गाणारा. किंगरी हे गजाने वाजवायचे तारांचे वाद्य. धान निघाले की तो आमच्या ओसरीवर येई. कथा संपल्यावर परधान मागेल ते द्यायचे, नाही म्हणायचे नाही, अशी रीत. त्याचे वडील वारल्यावर तो पहिल्यांदा एकटा आला, त्याच वर्षी चौथी झाली म्हणून माझ्या वडिलांनी, बापूंनी, माझी शाळा बंद केली होती. कथा झाली. बापू म्हणाले, "माग, म्हादू. गोऱ्हा देऊ का धान?"

"पोराले चांद्याले शिकाले धाडा."

"हे काय मागणं झालं? मस्करी करून राह्यला का?"

"मंग नाई म्हणा ना, देवासमोर!"

आई आतून हसली. बापू बरेच दिवस धुमसत होते, पण मला चांद्याला पोचवायला तेच आले.

पुढे मी कॉलेजात असताना रेकॉर्ड काढणारे लोक नागपूरला आले. माझ्या प्राध्यापकांनी शब्द टाकला आणि म्हादूभाऊला बोलावणे गेले. आमच्या भागातल्या कोणा परधानाची एकट्याची रेकॉर्ड आजवर निघाली नव्हती. तो नवा पटका बांधून आला. गज फिरला, पहिली ओळ झाली... आणि तो थांबला. पुन्हा सुरू केले, पुन्हा थांबला. रेकॉर्डवाले साहेब वैतागले. "आता बिघडलं तर दुसऱ्या कलावंताला बसवतो." मी त्याच्याजवळ सरकून विचारले,

"भाऊ, काऊन थांबून राह्यला?"

"हुंकार कोण देईन? सारेच मेल्यावाणी बसले इथी. ऐकणारा झोपला तर कथा पुढं न्यायची नसते."

आमच्याकडे ओळीओळीला ऐकणाऱ्याने 'हं' म्हणायचे असते. इथे तर श्वाससुद्धा जपून घ्या असा हुकूम होता. साहेबांना हे सांगितले तेव्हा ते हसले आणि त्यांनी मलाच त्याच्याशेजारी बसवले. मग जे वाजले ते मी ओसरीवरही कधी ऐकले नव्हते. देव नदीत उतरले तेव्हा गज इतका सावकाश चालला, की पाणी घोट्यावरून गुडघ्याला आलेले कळत होते. हुंकार द्यायचे मीच विसरलो. त्याने गज न थांबवता मला गुडघ्याने ढोसले.

रेकॉर्ड बाजारात आली तेव्हा मी त्याला पत्र लिहिले. गावच्या मास्तरांकडून त्याने ते दोनदा वाचून घेतले म्हणे. दिवाळी मात्र त्याला दिसली नाही. ते पत्र असे होते :

"म्हादूभाऊस जोहार. तुमची रेकॉर्ड काल वसतिगृहात लावली. एवढ्याशा तबकडीत कथा मावली नाही, देव नदीच्या मध्यावरच राहिले. पोरे ओरडू लागली, पुढे काय झाले? गोंडीचा एक शब्द त्यांना येत नाही, पण कोणीतरी पाण्यात अडकले आहे एवढे किंगरीवरून कळले होते. मग पुढचे मी सांगितले, साध्या तोंडाने, आणि देवांना पलीकडे नेले. चुकले असेल तर दिवाळीला येतो, तेव्हा सांगा."